भिंतीवरचं नाव आणि गावाची वही

दिल्लीला निघालेल्या माणसाला मी एकच प्रश्न विचारतो: कुणाचं नाव घेऊन चाललात? लाल किल्ला, कुतुबमिनार बघायला नाव लागत नाही. इंडिया गेटच्या पलीकडं जे राष्ट्रीय समर स्मारक आहे, तिथं मात्र नाव न घेता गेलात तर अर्ध्या तासात बाहेर पडाल. ग्रॅनाइटच्या भिंती, मधोमध उंच स्तंभ, त्याच्या पायाशी ज्योत, ताठ उभे पहारेकरी; चार फोटो काढायचे आणि निघायचं. एक नाव मनात धरून गेलेली माणसं दोन-दोन तास तिथून हलत नाहीत, हे मी बघत आलोय.

मराठा लाइट इन्फंट्रीच्या बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसात नोकरीची बरीचशी वर्षं काढून मी सुभेदार क्लार्क म्हणून निवृत्त झालो. आता गडहिंग्लजला असतो. आजरा, चंदगड, भुदरगड, कागल हा सगळा फौजी मुलूख. घरटी कुणी ना कुणी भरती झालेलं. त्यामुळं कुणाचं दिल्लीला जायचं ठरलं, की कागदांची पिशवी घेऊन माणसं माझ्याकडं येतात. कधी मीही त्यांच्याबरोबर गाडीत बसतो. या जाण्या-येण्यात जे उमगलं ते सांगतो, कारण आपल्याकडून जाणाऱ्या पुष्कळ लोकांना तिथं काय बघायचं आणि कसं बघायचं हे कुणी सांगितलेलंच नसतं.

आधी थोडी माहिती. स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या आपल्या जवानांसाठी देशपातळीवरचं नावानिशी स्मारक व्हायला २०१९ साल उजाडलं. मागणी जुनी होती. जागेवरून, आराखड्यावरून घोळ चालू राहिला. २०१५ च्या ऑक्टोबरात केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजुरी दिली, आराखड्यासाठी जागतिक स्पर्धा झाली, तिच्यात चेन्नईचे वास्तुविशारद योगेश चंद्रहासन यांचा आराखडा निवडला गेला आणि २५ फेब्रुवारी २०१९ ला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते स्मारक देशाला अर्पण झालं. तोवर काय होतं? इंडिया गेटच्या कमानीखाली १९७१ च्या युद्धानंतर, २६ जानेवारी १९७२ ला पेटवलेली अमर जवान ज्योती होती. उलटी रोवलेली रायफल, तिच्यावर शिरस्त्राण. पिढ्यान्‌पिढ्या आपण तिलाच हात जोडले. पण ती ज्या कमानीखाली होती त्या कमानीवरची नावं इंग्रजांच्या काळातल्या जवानांची. १९६२, १९६५, १९७१ च्या एकाही शिपायाचं नाव तिथं नाही. २१ जानेवारी २०२२ ला ती ज्योत वाजतगाजत नव्या स्मारकाच्या ज्योतीत नेऊन मिळवली, तेव्हा अनेकांना वाईट वाटलं. मला मात्र ते योग्य वाटलं आणि आजही वाटतं. ज्योत जिथं नावं आहेत तिथंच असावी.

इंडिया गेटहून पुढं आलात की छत्री लागते. आता तिच्यात नेताजींचा पुतळा आहे. तिच्या भोवतालच्या सुमारे ४० एकरांत हे स्मारक पसरलंय. लांबून ते चटकन दिसत नाही आणि हे मुद्दाम केलेलं आहे. इंडिया गेट, छत्री यांच्या रेषेत आडवं काही उभं राहू नये म्हणून सगळं बांधकाम जमिनीलगत, खोलगट ठेवलंय. रचना एकात एक चार वर्तुळांची. सगळ्यांत बाहेर रक्षक चक्र, म्हणजे झाडांच्या रांगा, सहाशेच्या वर झाडं, सरहद्दीवर उभ्या असलेल्या जवानांसाठी. त्याच्या आत त्याग चक्र, नावांच्या भिंती. त्याच्या आत वीरता चक्र, आणि अगदी मध्ये अमर चक्र. साडेपंधरा मीटरचा स्तंभ आणि ज्योत या अमर चक्रात आहेत.

वीरता चक्रात छताखालच्या दालनात ब्राँझची सहा मोठी शिल्पचित्रं आहेत: तिथवाल, रेझांग ला, गंगासागर, लोंगेवाला, ऑपरेशन ट्रायडंट आणि ऑपरेशन मेघदूत. घडवणारा हात आपल्या मातीतला. धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे राम सुतार. तिथं जाणाऱ्या मराठी माणसाला हे ठाऊक नसतं, म्हणून मी प्रत्येकाला सांगतो. रेझांग लाच्या शिल्पासमोर जरा थांबा. १८ नोव्हेंबर १९६२ ला लडाखमधल्या त्या खिंडीत १३ कुमाऊंची चार्ली कंपनी मेजर शैतान सिंह यांच्या हाताखाली लढली आणि जवळजवळ सगळी तिथंच संपली. बर्फ वितळल्यावर शोधपथक पोहोचलं तेव्हा जवान आपापल्या मोर्चात सापडले, काहींच्या हातात अजून हत्यार होतं. ट्रायडंटच्या शिल्पासमोरही थांबा. १९७१ च्या डिसेंबरात कराची बंदरावर चालून गेलेल्या क्षेपणास्त्र बोटींचा तो हल्ला, त्याचीच आठवण म्हणून ४ डिसेंबरला नौदल दिन असतो.

आता भिंती. त्याग चक्राच्या भिंती चक्रव्यूहासारख्या वळत जातात. प्रत्येक जवानासाठी ग्रॅनाइटची वेगळी पाटी आणि तिच्यावर सोनेरी अक्षरांत नाव, हुद्दा, रेजिमेंट. उद्घाटनाच्या दिवशी अशी २५,९४२ नावं होती. १९४७-४८ चं काश्मीर, १९६१ चा गोवा, १९६२, १९६५, १९७१, सियाचीन, श्रीलंका, कारगिल, काश्मीर आणि ईशान्येकडच्या कारवाया, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत परदेशी गेलेले जवान, असे सगळे त्यात आले. गलवानमधले वीस जवानही नंतर आले. भिंत पुरी झालेली नाही आणि सरहद्द शांत नाही तोवर ती पुरी होणारही नाही. या स्मारकाची देखभाल म्हणजे फक्त फरशी पुसणं आणि बाग राखणं नव्हे. खरं काम आहे यादी बरोबर राखण्याचं. स्मारक संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे, तिन्ही दलांच्या एकात्मिक मुख्यालयाकडं त्याची व्यवस्था आहे, पहाऱ्यालाही भूदल, नौदल, वायुदल तिघांचे जवान असतात.

यादी बरोबर राखणं म्हणजे काय, हे मला आतून ठाऊक आहे. कारगिलच्या उन्हाळ्यात आमच्या टेबलांवर पलटणींकडून सिग्नल यायचे. त्यात नंबर, हुद्दा, नाव, तारीख, ठिकाण, कारण. एवढ्याच ओळी. आम्ही आधी नंबर बघायचो, मग नाव. कारण एका पलटणीत शिंदे, पाटील, कदम, जाधव किती असतील सांगता येत नाही, नंबर मात्र एकाचा एकच. मग शीट रोल, म्हणजे जवानाची सेवानोंद, काढायचा, वारस कोण लिहिलाय ते बघायचं. भरतीच्या वेळी आईचं नाव दिलेलं, नंतर लग्न झालेलं, बायकोची नोंद झाली की नाही? झाली असेल तर त्या नोंदीची पार्ट टू ऑर्डर कुठल्या तारखेची? एका आकड्याची चूक झाली तर भलत्या घराच्या दारात निरोप पोहोचेल, या धास्तीनं दोघा-दोघांनी तपासल्याशिवाय कागद पुढं जात नसे. आमच्या हेड क्लार्कसाहेबांची सक्त ताकीद होती, की अशा कागदावर काम चालू असताना टेबलावर चहाचा कप ठेवायचा नाही.

त्यानंतरचा प्रश्न वर्गवारीचा. जवान शत्रूशी लढताना किंवा घोषित कारवाईत गेला तर बॅटल कॅज्युअल्टी. आजारानं किंवा नेहमीच्या कामातल्या अपघातानं गेला तर फिजिकल कॅज्युअल्टी. कुटुंबाला मिळणारं निवृत्तिवेतन या दोन शब्दांवर ठरतं. घरच्यांना हा भेद पटत नाही. माझा मुलगा वर्दीत गेला, मग त्याचं नाव भिंतीवर का नाही, असं विचारणारे बाप माझ्यासमोर बसलेत. त्यांना नियम सांगताना जीभ जड होते, पण सांगावं लागतं. तिन्ही दलांच्या दफ्तरांतल्या अशाच नोंदींवर ही भिंत उभी आहे.

जुन्या लढायांच्या बाबतीत तर या भिंतीचं मोल आणखीच मोठं आहे. आज जवान गेला की तिरंग्यात लपेटलेली पेटी गावात येते, सारा तालुका लोटतो. ही रीत रुळली ती १९९९ च्या कारगिलपासून. त्याआधी बहुतेकांवर आघाडीजवळच अंत्यसंस्कार व्हायचे. घरी यायची ती तार, आणि पुढं कधीतरी ट्रंक. काहींच्या बाबतीत तेवढंही नाही. ९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळ आयएनएस खुकरी बुडाली. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक समुद्रात गेले. त्यांच्या घरच्यांना ना समाधी, ना रक्षा. अशा घरांसाठी दगडावर कोरलेलं नाव हीच काय ती जागा.

चंदगडकडच्या एका खेड्यातल्या मावशींबरोबर मी गेलो होतो, तो प्रसंग सांगतो. त्यांचे मालक १९७१ ला पूर्व आघाडीवर कामी आले. तेव्हा या विशीत, पदरात एक मुलगी. बरोबर त्या मुलीचा मुलगा होता, कॉलेजात शिकणारा. मावशींना वाचता येत नाही, पण मालकांचा आर्मी नंबर तोंडपाठ. पन्नास वर्षं बँकेत, तहसीलात, दर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला तोच नंबर सांगत आल्या. मी निघण्याआधी त्यांच्या घरी बसून पीपीओवरून, म्हणजे पेन्शनच्या आदेशावरून, तो पडताळून घेतला, तर एक आकडा चुकला नाही. तिथं स्मारकाच्या आवारात नावं शोधायला डिजिटल पडदे आहेत. नातवानं नाव घातलं तर त्या नावाचे एकाहून जास्त जवान निघाले. मग पलटण, हुद्दा, तारीख जुळवत आम्ही नेमकी भिंत गाठली. ऊन कलतं होतं, ग्रॅनाइट अजून तापलेला होता. नातवानं पाटी वाचून दाखवली. मावशी जरा वेळ बघत राहिल्या आणि मला म्हणाल्या, ‘सुभेदार, गाव कुठं लिवलंय?’

‘गाव नसतं मावशी. नाव, हुद्दा आणि रेजिमेंट, एवढंच.’

‘मग ह्ये आमचंच कशावरनं? ह्या नावाची मानसं काय कमी हाईत व्हय?’

मी पिशवीतनं कागद काढला, एकेक गोष्ट जुळवून सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं, मान डोलावली, पण समाधान झालेलं दिसलं नाही. ‘तुमास्नी कळतंय, कागुद बघून. उद्या आमच्या गावचं पोरगं हितं आलं, तर त्येला कसं कळायचं?’

या प्रश्नावर मी पुष्कळ विचार केला. भिंतीवर गाव नाही हे मला चुकीचं वाटत नाही. गाव नाही, जिल्हा नाही, जात नाही, धर्म नाही. फौजेत भरती झालेला माणूस आपल्या पलटणीचा असतो आणि भिंतीनं त्याला तसंच ठेवलंय. पण मावशींचंही खरं आहे. पलटणीनं आपल्या वाटणीचं लिहिलं, गावानं कुठं लिहिलं?

आपल्या भागात, साताऱ्याकडं, कोकणात, जुन्या चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी बसवलेली दिसते. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारनं लावलेली. या गावातून इतके लोक महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, असा मजकूर. गाव आहे, आकडा आहे, पण नाव एकाचंही नाही. चुना मारता मारता कित्येक पाट्यांची अक्षरं बुजलीत. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या पाटीवर नावाशिवाय गाव आणि दिल्लीच्या भिंतीवर गावाशिवाय नाव. दोन्ही अर्ध्या नोंदी. त्यातली जुनी नावं गोळा करायला आता फार उशीर झालाय, पण १९४७ नंतरच्यांना अजून नाही. सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे घ्या. नावापुढं मिलिटरी लावणारं हे गाव, पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जण कामी आले. गावानं त्यांचं स्मारक सांभाळलंय, पुढच्या लढायांतल्यांची आठवण ठेवलीय. त्या गावच्या पोराला दिल्लीत जाऊन विचारावं लागत नाही.

पहिल्या महायुद्धाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण तिथं येणाऱ्या आपल्या लोकांची सगळ्यांत जास्त निराशा इथं होते. ‘आमचे पणजोबा बसऱ्याच्या लढाईत गेले, त्यांचं नाव शोधा,’ असं मला हमखास सांगतात. ते या भिंतीवर मिळणार नाही. ही भिंत स्वतंत्र भारताच्या जवानांची. इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून तिथंच पडलेले माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे हे आमच्या रेजिमेंटचं दैवत, पण ती गोष्ट १९४४ ची. म्हणून तेही या भिंतीवर नाहीत. इंडिया गेटवर तेरा हजारांहून जास्त नावं आहेत, त्यांतली बरीचशी वायव्य सरहद्दीवर आणि १९१९ च्या अफगाण युद्धात गेलेल्यांची. बाकीच्या दोन्ही महायुद्धांतल्यांची नोंद राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाकडं असते; त्यांच्या संकेतस्थळावर नाव, पलटण घालून शोधता येतं. पणजोबांचा शोध तिथून सुरू करा.

सीआरपीएफ, बीएसएफ, पोलीस यांचंही तसंच. पुलवामात गेलेले बुलढाणा जिल्ह्यातले जवान सीआरपीएफचे. कसाबला धरून ठेवणारे तुकाराम ओंबळे मुंबई पोलिसांचे. यांच्यासाठी दिल्लीतच चाणक्यपुरीत राष्ट्रीय पोलीस स्मारक आहे, २१ ऑक्टोबर २०१८ ला ते खुलं झालं. तिथं उद्घाटनाच्या वेळीच चौतीस हजारांवर नावं होती. गर्दी तिकडं फार कमी असते. माझी विनंती आहे की दिल्लीला गेलात तर तिकडंही एक चक्कर टाका.

समर स्मारकाच्याच आवारात परम योद्धा स्थळ आहे. परमवीरचक्राच्या एकवीस मानकऱ्यांचे अर्धपुतळे तिथं आहेत. लोक भिंती बघून दमलेले असतात म्हणून हा भाग टाळतात, टाळू नका. इथं पुण्याच्या खडकीशी नातं सांगणारे राम राघोबा राणे आहेत. कारवारजवळच्या चेंडियाचे, बॉम्बे सॅपर्सचे. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा ते राजौरी रस्त्यावर पाकिस्ताननं सुरुंग पेरले होते, झाडं आडवी टाकली होती. राणे जखमी असूनही मशीनगनच्या माऱ्यात रणगाड्याच्या पोटाखालून सरपटत पुढं सरकले. दोरीनं चालकाला खुणा करत, वाट मोकळी करत रणगाडे त्यांनी पुढं काढले. त्यांच्याच रांगेत मुंबईत जन्मलेले, पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल आर्देशीर तारापोर, १९६५ च्या चविंडाच्या रणगाडा लढाईत गेलेले.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या. तारापोरांचं नाव भिंतीवर असणार, राण्यांचं नाही. राणे युद्धातून परत आले आणि १९९४ पर्यंत जगले. एकवीसपैकी सात जण असे लढाईतून जिवंत परतलेले. उलट भिंतीवरच्या हजारोंना कुठलंही पदक नाही. कुणी बघितलं नाही, कुणी शिफारस केली नाही, किंवा शिफारस करणारा साहेबही त्याच मोर्चात पडला. म्हणून मी लोकांना आधी भिंतीकडं नेतो, मग पुतळ्यांकडं. मुलांना घेऊन गेलात तर त्यांनाही याच क्रमानं दाखवा. साताऱ्याजवळच्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक २०१५ च्या नोव्हेंबरात कुपवाड्यात गेले आणि त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक पुढं स्वतः फौजेत अधिकारी झाल्या. मुलांना गोष्ट सांगायची तर अशी एखादी घरून तयार करून न्या आणि त्या नावासमोर उभं राहून सांगा. चाळीस मुलांची सहल रांगेनं फिरवून बाहेर काढण्यात काही अर्थ नाही. मुलं भिंतींना टेकून सेल्फी काढतात आणि त्यांच्यावर ओरडावं लागतं.

जायचं कधी? प्रवेशाला पैसे लागत नाहीत. सकाळी नऊला उघडतं. हिवाळ्यात संध्याकाळी साडेसहापर्यंत, उन्हाळ्यात साडेसातपर्यंत. जानेवारीत प्रजासत्ताक दिनाच्या तालमींमुळं त्या भागात बंदोबस्त असतो, तेव्हा आधी चौकशी करून निघा. मेट्रोनं गेलात तर कुठल्याही स्थानकावरून थोडं चालावं लागतंच, म्हाताऱ्या माणसांना रिक्षानं न्या. मे महिन्यात दुपारी चुकूनही जाऊ नका, दगड भाजतो. माझ्या मते सूर्यास्ताआधी दीड-दोन तास आत शिरावं. आधी आपलं नाव शोधावं, मग वीरता चक्र आणि परम योद्धा स्थळ बघावं आणि शेवटी अमर चक्रापाशी येऊन थांबावं. तिथं रोज सूर्यास्ताच्या सुमारास झेंडा उतरवतात आणि त्या वेळी एखाद्या हुतात्म्याच्या घरचं माणूस पुष्पचक्र वाहतं. मंत्री नाही, सेनापती नाही. कुणाची आई, कुणाचा भाऊ, कुणाची बायको. बिगूल वाजतो. त्या वेळी फोन खिशात ठेवा, एवढंच सांगणं.

निघण्याआधीची तयारी मात्र घरी करायची. जवानाचा आर्मी नंबर मिळवा: पीपीओ, जुनी तार, पेन्शनचं पुस्तक, पदकाची कडा, कुठंतरी तो असतोच. गावात ज्याला सगळे बापू म्हणायचे त्याचं फौजेतलं नाव वेगळं असू शकतं. भरती करणाऱ्यानं आडनाव इंग्रजीत जसं ऐकलं तसं लिहिलेलं असतं, म्हणून स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी घालून बघा. स्मारकाच्या संकेतस्थळावर घरबसल्या नाव शोधता येतं. सापडलं नाही तर लगेच निराश होऊ नका. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, तिथून संबंधित रेकॉर्ड ऑफिसला नंबरासह लेखी अर्ज करा. नंबराशिवाय केलेला अर्ज फिरत राहतो, नंबर असेल तर दफ्तर बोलतं.

आणि मावशींच्या प्रश्नाचं उत्तर आपल्याच हातात आहे. त्यांच्या नातवानं परत आल्यावर शाळेच्या गुरुजींना गाठलं, गावातून फौजेत जाऊन कामी आलेल्या सगळ्यांची वही घातली. नाव, घरचं नाव, आर्मी नंबर, पलटण, तारीख, कुठल्या घरचा, कुणाचा मुलगा, आणि दिल्लीच्या भिंतीवर नाव आहे की नाही. त्या एवढ्याशा गावात, लोकांच्या तोंडी असलेल्यांपेक्षा जास्त नावं निघाली. प्रत्येक ग्रामपंचायतीनं, प्रत्येक हायस्कूलनं हे करावं. खर्च काही नाही. एक जाड वही, गावातला एखादा माजी सैनिक आणि चार उत्साही मुलं पुरतात. पुढं कुणी दिल्लीला निघालं की त्या वहीतलं एक पान उतरवून त्याच्या हातात द्यावं.

फक्त वेळ घालवू नका. १९७१ च्या वीरपत्नी आज सत्तरीच्या पुढं आहेत, १९६५ च्या त्याहून थोरल्या, १९६२ च्या आता थोड्याच उरल्या असतील. आर्मी नंबर तोंडपाठ असलेली माणसं तीच आहेत. त्यांच्याकडं वही घेऊन जायचं ते याच वर्षी जा.